डेंजर किंगला मासवडीचं आवतण

माझ्या थोरल्या दिरांशी, म्हणजे नानांशी, बावीस वर्षांत मी एक वाक्य बोलले नव्हते, आणि आमचं अगदी छान चाललं होतं.

भांडण वगैरे काही नाही. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर बोलायचं नसतं, ही जुनी रीत. निमगाव सावातल्या बाकी घरांतून ती केव्हाच गेली. आमच्या घरात माझ्या लाजरेपणामुळे टिकली. आमच्या मधे आक्का असतात. आक्का म्हणजे नानांची बायको, माझ्या मोठ्या जाऊबाई. नाना ओसरीवरून म्हणतात, "धाकटीला इचार, चा झाला का." मी तिथंच चार हातांवर उभी असते. मी आक्कांना म्हणते, "झाला म्हणावं." आक्का माहेरी मंचरला गेल्या की नाना दाराला विचारतात आणि मी चुलीला उत्तर देते. (आता गॅस आलाय. तरी उत्तर चुलीकडेच तोंड करून देते.)

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. त्यात एक गेम तसाच राहिला होता. गाणं वाजतं, एक चौकोनी ठोकळा आपोआप पळत सुटतो, आणि तालावर बोट टेकवलं की उडी मारतो. ताल चुकला की ठोकळा काट्यावर आपटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मुलाला जे जमायला महिना लागला ते मला चार दिवसांत जमलं. दहाव्या वर्षापासून भाकरी थापतेय. ताल डोक्यात नाही, तळहातात बसलाय.

त्या गेममध्ये खेळणारी माणसं स्वतःच्या लेव्हल बनवून टाकतात. खाली मत लिहायला जागा असते. समोरासमोर मला 'बरं आहे' म्हणायलाही घाम फुटतो, पण तिथं माझं नाव कुठं होतं? मुलानं ठेवलेलं 'डेंजर किंग' हेच नाव आणि पुणे हेच गाव चालू होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. टाइप करायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं छोटी लिहायचे. छोटी वाक्यं लिहिली की माणूस फार शहाणा वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

तिथं 'वस्ताद' नावाचा एक माणूस हलगीच्या तालावर लेव्हल बनवायचा. ताल झकास, पण बाकी सगळा गोंधळ. मी लिहिलं, "सजावट इतकी की काटा दिसत नाही. माणूस मरू दे, पण अन्यायानं मरू नये." पुढच्या लेव्हलला लिहिलं, "शेवट उगाच लांबवला आहे. कीर्तनकाराला निघवत नाही तसा." आणि एकदा भाकरी करपली त्या रागात लिहिलं, "बनवणारा माणूस हट्टी दिसतो. घरातली माणसं कशी सहन करतात?"

वस्ताद चिडला नाही. उलट लिहिलं, "सायेब, बरोबर बोललात. आमच्या घरात तोंडावर सांगणारं कोणी नाही." मग त्यानं काटे कमी केले, शेवट आखूड केला. मी अशी फुगले की दोन दिवस डोक्यावरचा पदर जरा मागेच राहिला.

सहा महिन्यांनी वस्तादचा निरोप आला. "सायेब, नवी लेव्हल झाली. तुमच्या समोर खेळून दाखवायची आहे. रविवारी जेवायला या. निमगाव सावा, पाण्याच्या टाकीसमोर, निळा दरवाजा."

मी मान वर करून दरवाजाकडे बघितलं. निळा होता.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "धाकटीला सांग, रविवारी मासवडी कर. पुन्याचं सायेब येनार हायेत."

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नाना दिवसभर खाटेवर कानात वायर घालून फोन बघायचे. मला वाटायचं, कांद्याचे भाव बघत असतील.

आक्कांनी विचारलं, "सायबाचं नाव काय?"

"डेंजर किंग."

"हे कसलं आडनाव?"

"पुन्यात आसत्याल अशी."

मी कांद्याच्या चाळीत जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोतं टाकून हसत बसला. "नानांना जाऊन सांग की मग."

"मी? त्यांच्यासमोर?"

"मग मी सांगतो."

"तुमी सांगितलं तर मी आजपास्नं चाळीतच राहीन."

"मंग लिव, सायबाला काम निघालं."

मी लिहिलं, काम निघालं, जमणार नाही. लगेच उत्तर, "मग आम्हीच पुण्याला येतो. पत्ता द्या." ऑपरेशनचा गुडघा घेऊन आळेफाट्याच्या एसटीत चढणारे नाना मला डोळ्यांसमोर दिसले. घाबरून लिहून टाकलं, "नको नको. रविवारी नक्की येतो."

अशा रीतीनं मी स्वतःच्याच घरी जेवायला येणार, हे पक्कं झालं.

रविवारी सकाळपासून आम्ही दोघी मासवडीला लागलो. नाना कडक टोपी घालून दहालाच दारात खुर्ची टाकून बसले. रस्त्यावर गाडी वाजली की उठायचे. एक पावणे टाकीवरून वळले, तर ते दूधवाले निघाले. बारा वाजले. एक वाजला. रस्सा दोनदा गरम झाला.

आक्का म्हणाल्या, "अवो, जेवून घ्या. साखरंची गोळी घेतलीया तुमी, पोटात काय न्हाई."

"सायेब आल्याबिगर घास न्हाई घेनार."

"आन न्हाई आला तर?"

"तोंडावर खरं बोलनारा मानूस हाये. शब्द मोडायचा न्हाई."

दोन वाजता पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना नानांचा हात थरथरलेला मी दाराच्या फटीतून बघितला. आता लाजून चालणार नव्हतं. पाय ओसरीकडे वळेनात, म्हणून फोन घेतला आणि एक एक अक्षर शोधत लिहिलं, "नाना, जेवून घ्या. डेंजर किंग स्वयंपाकघरात आहे."

ओसरीवर फोन वाजला. मी देवाला दोन नारळ बोलले.

"धाकटीला इचार," नाना म्हणाले, "बनवनारा मानूस हट्टी दिसतो, हे कुनी लिवलं?"

आक्का माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, "मी म्हणावं."

"आन कीर्तनकाराला निघवत न्हाई, ते?"

"तेही मीच म्हणावं."

आक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमा दोघांचं काय चाललंय ते मला कोन सांगंल का?"

नाना काठी टेकत उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मला वाटलं, आता माहेरची पिशवी भरावी लागणार. ते आक्कांना म्हणाले, "पाट मांड. आदी पावण्याचं पान वाढ, मंग माजं."

मी नको नको करत होते, पण आक्कांनी दंडाला धरून बसवलं. समोर नाना बसले. पहिला घास त्यांनी खाल्ला, तेव्हा माझा जीव जागेवर आला. मग त्यांनी थेट माझ्याकडे बघून विचारलं, "सायेब, कशी झालीया मासवडी?"

नवरा दारात थांबला. 'छान' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण सहा महिन्यांची सवय जिभेला लागलेली.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले. "आणि सारण भरायला घाई केलीय. वडी मधेच सुटते."

नानांनी घास चावून बघितला. "बरोबर हाये," ते म्हणाले.

सारण आक्कांनी भरलं होतं. त्याला आता तीन आठवडे झाले. आक्का माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की नानांकरवी निरोप देतात.