बेल्यातला पेपर आणि पहिला नंबर

आदिलाबादला जाऊन आले म्हटलं की लोक आधी धबधब्याबद्दल विचारतात. मी तिथे चार दिवस राहिले आणि धबधबा काही पाहिला नाही. मी गेले होते लोकांची धाप मोजायला. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता, मी नागपुरात भाषाशास्त्रात एम.ए. करून घरी बसले होते, आणि कुणी काम देतो म्हटलं की मी विचार न करता हो म्हणायची.

काम दिलं एका छातीच्या डॉक्टरांनी. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, हे विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली होती. "अहो, पोर्तुगीजमध्येसुद्धा गेली आहे ही, मग आपल्याकडे का नाही?" असं डॉक्टर म्हणाले. मराठीत ती आणली होती, पण शहरातल्या टेबलावर बसून. "जिना चढताना श्वसनास त्रास होतो का?" सीमेवरच्या कापूसपट्ट्यातल्या माणसाला हे विचारून काय मिळणार? त्याच्या घराला जिनाच नाही. मी ती तिकडच्या बोलीला जुळवायची आणि वीस जणांवर तपासून बघायची, असं ठरलं. चाचणीत ज्यांचा आकडा सगळ्यांत जास्त, म्हणजे त्रास सगळ्यांत जास्त, अशा सहा जणांना नागपूरला नेऊन वर्षभराचे पंप आणि औषधं फुकट देणार होते. मात्र हे पेशंटला सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. "कळलं की लोक दुखणं वाढवून सांगतात," डॉक्टर म्हणाले. मला ते पटलंही. हुशार माणसांचं पटकन पटायचं तेव्हा मला.

डिसेंबरात सकाळच्या लाल गाडीने निघाले. हिंगणघाट, पांढरकवडा, मग पैनगंगेचा पूल. तिकीट पन्नाशीच्या आत होतं आणि हाडं खिळखिळी व्हायची ती वेगळी. आता तिथून चौपदरी रस्ता जातो, तुम्ही झोपेत पोचाल. पांढरकवड्याला तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला, तो आजही मिळत असेल तर जरूर खा, पण सोबत पाणी ठेवा. पूल ओलांडला की पाट्यांची लिपी बदलते, कापूस तोच राहतो. आदिलाबादच्या स्टँडजवळ शेंगदाण्याच्या चटणीसोबत इडली खाल्ली. डॉक्टर आधीच पोचले होते, त्यांनी शहराबाहेर मावला नावाच्या वस्तीकडे एका लॉजमध्ये खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. थंडी इतकी कडक की स्वेटर घालून झोपले. डिसेंबरात जाणार असाल तर आंध्र म्हणून गाफील राहू नका.

दुसऱ्या दिवशी बेल्याची बस. बेला हे सीमेलगतचं मराठी बोलणारं गाव, मुलाखती तिथेच घ्यायच्या होत्या. कंडक्टर दारात लटकून "बेला, बेला, एक्कंडी!" असं तेलुगूत चढा-चढा करत माणसं कोंबत होता आणि आत सगळी गाडी मराठीत भांडत होती. बेल्याला मला गौतम मास्तर भेटले. शाळेत शिक्षक, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे, बोलायला मऊ. वडील सालगडी होते, आई शेवंताबाई आधी रोजानं शेतात आणि मग बरीच वर्षं आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये. त्या पैशावर मास्तर शिकले. गौतम मास्तरांनी माझे प्रश्न तपासले. जिना त्यांनी उडवला आणि त्या जागी डोक्यावरचा हंडा आणला. "बागकाम" वाचून हसले आणि तिथे कापूस वेचणं घातलं. "चूल फुंकताना धाप लागते का?" हा प्रश्नही त्यांचाच. मी खूश होऊन एक प्रत त्यांच्याकडे ठेवली. "रात्रीतून घरी वाचून पाहा, कुठे अडतं ते सांगा," मी त्यांना म्हणाले. दुपारी त्यांच्या शेजारच्या घरी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी जेवले. पैसे विचारले तर बाई रागावली.

तिसऱ्या दिवशी पहिली मुलाखत त्यांच्याच आईची. मी पोचले तेव्हा शेवंताबाई तयार होऊन बसल्या होत्या. पांढरं स्वच्छ लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस. बुद्धाच्या तसबिरीखाली बाजेवर ताठ, हात मांडीवर. मुलाला त्यांनी दाराशी उभं केलं होतं, बोलायचं नाही असं सांगून.

"मावशी, चूल फुंकताना धाप लागते का?"

"नाई लागत."

"हंडा आणताना?"

"नाई जी."

"रात्री खोकल्यानं जाग येते?"

"नाई. मस्त झोप लागते मले."

हे एवढं बोलायला त्यांना मधेमधे थांबावं लागत होतं. बाजेची कड घट्ट धरली होती. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. मला दिसत होतं. पण फॉर्मवर उत्तराची चौकट होती, खळगीसाठी जागा नव्हती, आणि पेशंट सांगेल तेच लिहायचं असा नियम होता. मी 'नाही'च्या चौकटीत खुणा करत गेले.

शेवटचा प्रश्न झाला तसा त्यांनी पदराने घाम पुसला. डिसेंबरात.

"झाला पेपर?"

"झाला, मावशी."

"मंग? पास झाली का मी?"

मला हसू आलं. किती गोड बोलतात इथली माणसं, असं वाटलं. "पहिल्या नंबरानं!" मी म्हणाले.

त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिलं नाही. "आयकलं का रे गौतम?" त्या म्हणाल्या. "शाळंत सांगशीन, माय पास झाली म्हणून." आणि मग मला चहा करायला उठू लागल्या. सुनेने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

त्या दिवशी आणि चौथ्या दिवशी सकाळी बाकीच्या मुलाखती उरकल्या. दुपारी लॉजवर डॉक्टर आकडे लावत बसले. शेवंताबाईंचा आकडा विसांमध्ये सगळ्यांत कमी. "ही बाई तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे," म्हणून त्यांनी नाव खोडलं. मला ती खळगी आठवली, मी "पण सर" म्हणालेही, आणि त्यांनी वर न पाहता पुढचा कागद घेतला.

संध्याकाळच्या गाडीसाठी स्टँडवर आलो तर गौतम मास्तर तिथेच. जिल्हा कचेरीत शाळेचा अर्ज द्यायला आले होते. हातात आईने दिलेली तिळाच्या लाडवांची पुडी. डॉक्टर तिकिटांच्या रांगेत होते. मी विचारलं, "आईंना खरंच रात्री झोप लागते?"

"कायची झोप, मॅडम? भिंतीले टेकून बसून राह्यते रातभर."

"मग तसं सांगितलं का नाही?"

ते हळूहळू बोलले. "तुमी कागद दिला ना, तो मी रातच्याले मोठ्यानं वाचला. तं माय प्रत्येक प्रश्नाले इचारे, याचं बराबर उत्तर काय? मी सहज म्हटलं, तब्येत चांगली असन तं नाई म्हणतेत. तिनं पाठ केलं सारं. शाळा पाह्यली नाई न तिनं कधी. आमी भावंडं एकबी नापास नाई झालो, ते तिचंच भय. तिले वाटलं हा तिचा पेपर. सकाळपासून चुलीजवळ गेली नाई, खोकला येईन म्हणून. काऊन, मॅडम? काई चुकलं का?"

आता बघा, डॉक्टरांनी लोक दुखणं वाढवून सांगतील याचा बंदोबस्त केला होता. ताठ राहण्यासाठी आयुष्यभर दुखणं लपवणाऱ्या माणसाचा बंदोबस्त कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आणि बोलीची जाणकार म्हणून ज्या बाईला पैसे देऊन आणलं होतं, तिने बोली जुळवली आणि माणूस पाहिला नाही.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. पुन्हा मुलाखत घेऊ म्हणाले. "एकीची उत्तरं बदलली तर सगळी चाचणी बाद," ते म्हणाले. "उत्तर पेशंटचं असतं, मुलाचं नव्हे." मी "ठीक आहे सर" म्हणाले. हे तीन शब्द मी कुणावर ढकलू शकत नाही. परत येऊन गौतम मास्तरांना एवढं तरी सांगता आलं असतं, की नियम गेला खड्ड्यात, तुम्ही स्वतः आईला नागपूरला घेऊन या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी लाडवांची पुडी घेतली, "काही चुकलं नाही" म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी येऊन प्रश्नावलीच्या माथ्यावर मी एक वाक्य घातलं: "ही परीक्षा नाही. यात पास-नापास नाही. त्रास असेल तर तो सांगा." डॉक्टरांना फार आवडलं. छापील फॉर्मवर ते ठळक अक्षरात आलं आणि माझं कौतुकही झालं. ज्या बाईमुळे ते सुचलं तिच्या फॉर्मवर ते नव्हतं.

उन्हाळ्यात गौतम मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. होळीच्या आधी आई गेली. धाप लागूनच. शेवटपर्यंत शेजारणींना सांगत होती, नागपूरच्या मॅडमनं पेपर घेतला, मी पहिली आली. पुढे लिहिलं होतं: "मॅडम, मार्क किती पडले तेवढं कळवा. तिच्या फोटोखाली लिहायचं म्हणून राह्यलो."

ते कार्ड आठ दिवस टेबलावर होतं. सगळ्यांत कमी, असं लिहिण्याची हिंमत माझ्यात नव्हती. सगळ्यांत जास्त लिहावं, तर ते खरं असतं तर त्या नागपुरात औषध घेत बसलेल्या असत्या. शेवटी मी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, "मार्क कळवायची पद्धत नाही. नंबर पहिला."

बेल्याला मी पुन्हा गेले नाही. तो फोटो कुठल्या भिंतीवर असेल ते मला ठाऊक आहे, आणि त्याखाली काय लिहिलं असेल तेही.