खिचडीची बशी

निवेदिता बनारसच्या एका शाळेत समुपदेशक आहे. म्हणजे नक्की काय करते, हे शाळेत कुणालाच धड ठाऊक नाही. गणिताचे सर रजेवर गेले की "मॅम तर रिकाम्याच असतात" म्हणत तिला त्यांच्या वर्गावर पिटाळतात. खोली दिली तीही खेळाच्या सामानाची. पोरं रडतात ती स्टंप आणि फुटक्या कॅरमबोर्डांच्या मधे बसून. आणि काय काय ऐकावं लागतं त्या बाईला! कुणी ब्लेडने स्वतःचीच मांडी चिरलेली, कुणी भावाच्या डोक्यात वीट घातलेली. घरी गेल्यावर घास उतरत नाही तिच्या घशाखाली.

नववीतली ऋता या खोलीत आली ती भर उन्हाळ्यात लांब बाह्या ओढून. बाहेर हिंदीत बोलणारी पोर, दार लागताच मराठीवर आली. "मावशी, बाबा चिमट्याने मारतात." बाही वर केली तर कोपरापर्यंत काळेनिळे वळ.

बाबा म्हणजे नरहर. बालाजी घाटाजवळच्या ज्या गल्लीत निवेदिता लहानाची मोठी झाली, तिथलाच. गणपतीत खड्या आवाजात आरती म्हणणारा, सगळ्यांचा नरहरदादा. मुलाच्या अंगावर असे वळ दिसले की आधी बाल हेल्पलाइनला फोन, हा नियम निवेदिताला झोपेतही पाठ होता. पण आपल्याच माणसामागे पोलीस कसे लावायचे? काशीत आपली मराठी घरं ती उरलीत किती! इथेच बाई चुकली.

संध्याकाळी ती सरळ नरहरच्या घरी गेली. "दादा, पोरीला जरा सांभाळून घ्या हो." नरहरने हात जोडले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी पुढे केली. बशी धरलेला त्यांचा हात लटलट कापत होता. निवेदिताने तो पाहिला, आणि खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऋता आली तेव्हा तिचा ओठ फाटला होता आणि उजवा हात मनगटापाशी सुजून वाकडा झाला होता. "तुम्ही त्यांना सांगितलंत," ती म्हणाली. निवेदिताला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने फोन काढला, तर पोरीचा हात पाहून मागोमाग आलेले प्रिन्सिपल आडवे आले. "घर का मामला है मॅडम, स्कूल का नाम खराब होगा."

तेवढ्यात दारावर लाथ बसली. मुलीला घरी न्यायला नरहर आला होता. त्याने ऋताचे केस मुठीत धरून तिला फरफटत ओढलं. "घरची लक्तरं वेशीवर टांगतेस, कार्टे?" निवेदिता मधे पडली. त्याच्या एका फटक्यासरशी तिचं डोकं लोखंडी रॅकवर आपटलं आणि कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं. मग मात्र तिचं टाळकं फिरलं. हाताला लागला तो स्टंप तिने त्याच्या खांद्यात हाणला. नरहर कळवळून गुडघ्यांवर बसला. तिने स्टंप पुन्हा उचलला. खरं सांगायचं तर तिला तो मरायलाच हवा होता.

"मी नाही सांगणार! कुणाला नाही सांगणार!"

ऋता भिंतीला चिकटली होती, मोडका हातसुद्धा डोक्यावर धरून. ती निवेदिताला घाबरली होती.

स्टंप खाली पडला. नरहर कण्हत म्हणाला, "निवेदिता, अगं आपण घरची माणसं ना?"

"मैं बच्ची की काउंसलर हूँ," ती म्हणाली. "बैठे रहिए." आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या शाळेच्या दोन शिपायांनी त्याला बाहेर नेलं. तिने हेल्पलाइनला सगळं सांगितलं: वळ, हात, बापाला आपणच जाऊन सांगितलं तेही, आणि हाणलेला स्टंपसुद्धा. प्रिन्सिपल दात-ओठ खात ऐकत राहिले.

हेल्पलाइनची गाडी आली. तिच्यात चढता चढता ऋता थांबली. "बाबा कुठायत?"

शिपायाने मागच्या फाटकाकडे बोट दाखवलं. प्रिन्सिपलसाहेबांनी नरहरला तिथून केव्हाच सोडून दिलं होतं.

"मग तो घरीच गेला असणार," ऋता म्हणाली. "आई एकटी आहे, मावशी."

निवेदिताला ती खिचडीची बशी आठवली. कपाळावर पदर दाबून ती गाडीत चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "पहले बालाजी घाट."