पंडितच्या केबिनची जाळी

सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या चाळीत काळजी करायचा ठेका सरलाने घेतलाय. शेजारीण म्हणून मी तिला चिडवायचे, पण गेल्या भादव्यापासून तेवढी हिंमत होत नाही. तेव्हा तिच्या नवऱ्याला, पंडितला, डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "परत झाला तर जास्त जड जाईल." तेवढं एकच वाक्य सरला घरी घेऊन आली.

पंडित ट्रक चालवतो. पलसाण्याच्या डाईंग मिलबाहेर माल भरेपर्यंत दिवसभर थांबायचं आणि रात्री गाडी हाणायची, म्हणून झोप काय ती दुपारी केबिनमध्ये. काच लावली तर भट्टी, उघडली तर डास. आणि डेंग्यूचा डास दिवसाच चावतो, हे सरलाला मुलीच्या, चैतालीच्या, शाळेच्या पुस्तकात सापडलं.

मग तिने खिडक्यांना काढता-घालता येईल अशी जाळी करायचं ठरवलं. मशीन माझं. जाळीच्या कडेला पट्टी शिवून आत चपटी लोहचुंबकं भरली, ती दाराच्या पत्र्याला खटकन चिकटायची. कापडही मीच दिलं, ओढणीच्या नेटचा उरलेला तुकडा. सुरतेत नेटला काय तोटा, असा माझा तोरा.

सरलाने त्याच नेटची पिशवी केली, उघडा हात आत घातला आणि संध्याकाळी गटाराजवळ पंधरा मिनिटं बसली. परत आली तेव्हा हातावर तीन गांधी होत्या.

"मंदाताई, हाई जाळीमाईन मच्छर जास," ती म्हणाली. नेटच्या भोकांतून डास सरळ आत जात होते. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही मच्छरदाणीची बारीक जाळी आणली आणि सगळं उसवून पुन्हा शिवलं.

चार दिवसांनी पंडित खेप करून आला. ड्रायव्हरच्या बाजूच्या जाळीला बांगडीएवढं गोल भोक होतं, ब्लेडने नीट कापलेलं.

"मंग थुकू कोठे?" गुटख्याने फुगलेल्या गालातून तो म्हणाला.

मला कात्री घेऊन त्याच्या मागे लागावंसं वाटलं. सरला मात्र दिवस मोजायला लागली. डास चावल्यावर ताप यायला दहा-बारा दिवसही लागतात, असं तिला दवाखान्यात कळलं होतं. गाडी भेस्तानच्या गॅरेजात कामाला लागली होती, म्हणून पंडित घरीच होता. रोज सकाळी तो उठायच्या आधी सरलाचा हात त्याच्या कपाळावर. सातव्या दिवशी त्याला कणकण वाटली, तेव्हा ती पदराचं टोक तोंडात धरून माझ्या उंबऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी कणकण गेली. तरी पूर्ण बारा दिवस होईपर्यंत तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

तेराव्या दिवशी गाडी निघायची होती. सकाळीच ती माझ्या मशीनवर बसली आणि त्या भोकावर वरून एक झाकण शिवलं, खालच्या टोकाला छोटं लोहचुंबक भरलेलं, त्याच्यासमोर जाळीवर दुसरं. बोटाने उचलायचं, थुंकायचं, सोडून द्यायचं. झाकण आपोआप बसायचं.

पंडितने चारदा उघडून पाहिलं आणि हसला. सरला हसली नाही. तिने वर चढून त्याच्या कपाळाला हात लावला, खाली उतरली आणि गाडी वळणाआड गेल्यावर मला म्हणाली, "आज पहिला दिवस."