साफ केलेला आवाज

कल्पना करा, तुम्ही लॅपटॉपसमोर बसला आहात. पडद्यावर आवाजाची एक लांबलचक रेघ आहे. कुणी बोललं की ती फुगते, गप्प झालं की बारीक होते. मधेच एक उभा सुळका दिसतो. तो खोकला. माउसने तो धरायचा, कापायचा आणि दोन्हीकडची टोकं अशी जुळवायची की ऐकणाऱ्याला इथे काही होतं याचा पत्ताही लागू नये. मग पुढचा सुळका. आणि हा आवाज तुमच्या आईचा आहे असं समजा.

तृप्तीचा या कामात हातखंडा होता.

लोधीपुरा या लूमवाल्यांच्या वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच मुलगी. पत्रकारिता आणि जनसंवाद शिकायला इंदूरला निघाली तेव्हा शेजारच्या मालूबाईंनी विचारलं होतं, "म्हंजे टीव्हीवर भांडणारी होशीन का वं?" वडील सदाशिव पॉवरलूमवर कामाला. आई सुमन घरी बसून लूमसाठी कांड्या भरायची. मोठ्या रिळावरचं सूत लहान नळ्यांवर गुंडाळत राहायचं, दिवसभर. सुताची धूळ तिच्या केसांत, भुवयांवर बसलेली असायची. घरात सगळेच थोडंफार खोकत. त्याचं कुणी काही मनावर घेत नसे.

शेवटच्या वर्षाला रेडिओसाठी माहितीपट करायचा होता. तृप्तीने आईलाच निवडलं.

"माही मुलाखत? मी काय नगरसेवकाले उभी राह्यली?"

"आई, नुसतं तुझ्या कामाबद्दल बोल."

"थांब, पदर घेऊ दे."

"फक्त आवाज आहे गं, फोटो नाही."

"असू दे. लोक ऐकतीन ना."

शेजारच्या लूमचा खडखडाट येऊ नये म्हणून मायलेकी एकाच गोधडीखाली बसल्या, मधे मोबाइल. सुमन आधी परीक्षेला बसल्यासारखी बोलली, मग खुलली. लग्न होऊन आली तेव्हा लूमच्या आवाजाने झोप येत नव्हती, आता लाइट जाऊन लूम बंद पडले की झोपमोड होते, हे तिने इतकं मजेत सांगितलं की तृप्तीला हसू आवरेना. मधे मधे सुमन खोकायची आणि ओशाळून म्हणायची, "हे कसं करशीन?"

"तू खोक बिनधास्त. मी काढून टाकते."

दसऱ्याला थोडं रेकॉर्डिंग झालं, दिवाळीला थोडं, उरलेलं संक्रांतीला. दरवेळी हॉस्टेलवर परतून तृप्ती कापायला बसायची. शिकवणाऱ्या यादव सरांचं एकच सांगणं असे, "सुननेवाले के कान में कंकड़ नहीं आना चाहिए." सुरुवातीला ती प्रत्येक खोकला ऐकून कापायची. पुढे ऐकायची गरज उरली नाही. आईच्या खोकल्याचा आकार तिच्या डोळ्यांत बसला होता. आधी एक उंच टोक, त्याला चिकटून एक बुटकं. बघायचं आणि कापायचं. रेकॉर्डिंगचा आवाज बंद ठेवून, कानात गाणी लावून.

संक्रांतीच्या रेकॉर्डिंगमध्ये एका सुळक्याच्या जागी झुडपं दिसू लागली. आठ-दहा टोकं एकात एक गुंतलेली. हॉस्टेलच्या खोलीतल्या सोनालीला ती वैतागून म्हणाली, "यार, आईने या वेळी काम फार वाढवून ठेवलंय."

माहितीपट विभागात पहिला आला. यादव सरांनी खालच्या वर्गालाही तो ऐकवला. गल्लीत मालूबाईंनी मोबाइल कानाला लावून पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "सुमन, तू त रेडिओवाली बाई झाली! किती साफ बोलते!" सुमन लाजून आत निघून गेली. पुढच्या असाइनमेंटला लॅपटॉपमध्ये जागा होईना, म्हणून तृप्तीने मोबाइलवरून आधीच काढलेलं मूळ रेकॉर्डिंग तिथूनही पुसून टाकलं. तयार कार्यक्रम होताच की.

होळीच्या आसपास सुमनच्या खोकल्यातून रक्त पडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "खाँसी पहले कैसी थी? सूखी या कफवाली? आवाज कब से बदली?"

सदाशिवने नकारार्थी मान हलवली. पोटासाठी सगळा जन्म लूमच्या गोंगाटात काढलेल्या माणसाला बायकोच्या खोकल्यातला फरक कुठून कळणार? त्याने मुलीकडे पाहिलं. त्या घरात आईचा खोकला जर कुणी एकेक करून हाताळला असेल, तर तिने. तृप्तीने आठवून पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे एक उंच टोक आलं, शेजारी एक बुटकं. आवाज काही केल्या आठवेना. तो आकार हवेत काढून दाखवायला तिचा हात आपोआप वर गेला आणि तिथेच थांबला.

"तिले काय विचारता, डॉक्टरसाहेब," सुमनच मधे पडली, "ते इंदूरले राहते. अभ्यास राहते तिच्या मागं."

फुफ्फुसाचं दुखणं खूप पुढे गेलेलं होतं. जूनमध्ये सुमन गेली.

दिवस-पाणी आटोपल्यावर एका संध्याकाळी सदाशिव म्हणाला, "लाव बरं तिचं ते." तृप्तीने मोबाइलवर माहितीपट लावला. तो मान खाली घालून ऐकत होता. लूम आणि झोपमोडीचा किस्सा आला तसा एकदा हसला. 

"तीच आहे," तो म्हणाला. "पण एवढं एका दमात ते कधी बोलली? मधी थांबे, खोके, माह्याकडं पाहे. मी पाण्याचा गिलास पुढं करू. ते कुठं आहे याच्यात?"

"काढलं, बाबा. खोकला काढला मी."

"मंग ठेवला कुठं?"

 तृप्ती उठून चुलत्यांकडे दूध आणायला जाते म्हणाली आणि पार शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत नुसतीच चालत गेली.

आता ती खंडव्याला एका लहानशा न्यूज चॅनलमध्ये काम करते. परवा एका बातमीसाठी छातीच्या डॉक्टरांची मुलाखत घेतली आणि माइक बंद केल्यावर त्यांना आईचं सगळं सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग असेल तर ऐकवा. त्याशिवाय मी काय सांगणार?"

ऐकवायला काही नव्हतं. तृप्तीने माइकची वायर गुंडाळली आणि त्यांचे आभार मानून बाहेर पडली. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि अजूनही घ्यायचं आहे: दिवाळीतच आईचा खोकला कापण्याआधी तिने एकदा जरी नीट ऐकला असता, तर आई वाचली असती का?