डाव्या हाताची शाळा

मुलगी पहिलीत होती. एका दुपारी ती शाळेतून घरी आली, तेव्हा तिचा डावा हात पाठीमागे बांधलेला होता. तिच्याच वेणीच्या रिबिनीने, फ्रॉकच्या पट्ट्याला. दप्तर खांद्यावरून घसरत होतं आणि ते सावरता येत नव्हतं. शाळेपासून आमच्या कॉलनीपर्यंत मधे पिठाची गिरणी, किराणा दुकान, गंगापूर रोडची वर्दळ. इतक्या लोकांनी पाहिलं असेल, पण ती गाठ सोडावी असं एकालाही वाटलं नाही.

"बाई म्हणाल्या, घरी जाईपर्यंत सोडायचं नाही," ती म्हणाली. गाठ कात्रीनेच कापावी लागली.

कणीक मळता मळता उठले होते, तशीच शाळेत गेले. बाई वर्गातच होत्या. म्हणाल्या, "डाव्या हाताने लिहिते. ही सवय आत्ताच मोडायला नको?" तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "उद्यापासून ती येणार नाही. मी घरी शिकवीन."

ते हसले. "घरी? तुमच्या घरी कोण शिकवणार?"

'तुमच्या'वरचा तो जोर कुठून येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. हजेरीपटात आमचं आडनाव होतंच. मी मॅट्रिक पास होते, डी.एड.ला नंबरही लागला होता, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं होतं. हे सगळं मला सुचलं घरी परतताना. त्यांच्यासमोर मी नुसती बोटांना चिकटलेली कणीक सोलत उभी होते.

घरी वेगळीच लढाई. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. दिंडोरीकडच्या खेड्यातून आलेले, सरकारी कचेरीत शिपाई म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कळलं आणि ते खाटेवरून उठूनच बसले.

"शाळेच्या दाराभायेर बसून शिकलो मी. पावसात भिजलो, पण शाळा सोडली नाय. आन् पोरीला बसाया बाक हाय, तर तू तिला उठवून आणती?" भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे हात करून ते म्हणाले, "त्यांना काय तोंड दाखवू मी?"

"मामा, तिचा हात बांधला होता."

"माझं सगळं अंगच भायेर ठेवलं व्हतं."

त्यांचं खोटं नव्हतं. पण त्यांनी सोसलं म्हणून माझ्या मुलीनेही सोसायचं, हा कुठला हिशेब?

नवरा अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते ठरवा." त्या वाक्याचा राग मला मामांच्या ओरडण्यापेक्षा जास्त आला. ते निदान भांडत तरी होते.

मी ठरवलं. शाळा स्वयंपाकघरात सुरू झाली. नळाचं पाणी भरून, नवऱ्याचा डबा देऊन झाला की पाटी काढायची. सहा-सात महिन्यांचा धाकटा मुलगा मांडीत, हातात मिळेल तो खडू तोंडात घालणारा. तुरीच्या शेंगा सोलताना दाणे मोजायचे, त्यांचे दहा-दहाचे ढीग करायचे. वाचायला कॅलेंडर, पुड्यांचे कागद, दुकानांच्या पाट्या.

पण लिहायचं म्हटलं की मुलगी आधी दाराकडे बघायची. डावा हात पाटीपर्यंत यायचा आणि थबकायचा. "इथे बाई नाहीत," मी सांगायचे. ती मान हलवायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. माझ्या डोक्यात सणक जायची. ती कुणावर काढायची? भाकरीच्या पिठावर. भाकरी थापताना हात इतका जोरात पडायचा की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "काय गं, भांडलीस का?"

हात धीट व्हायला पावसाळा गेला. मग नवीन अडचण. डावा हात पुढे सरकला की नुकतं लिहिलेलं अक्षर तळव्याखाली पुसलं जायचं. ती रडायची. शेवटी पाटी तिरकी फिरवून बघितली, हात अक्षराच्या खाली राहील अशी. जमलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा पूर्ण ओळ लिहिली आणि माझ्याकडे बघितलं. दाराकडे नाही.

कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "आज तुमची शाळा भरली का?" आणि हसायच्या. एकीने तर म्हटलं, "तू रिकामीच असतेस, तर माझ्या मुलालाही बसव." रिकामी!

मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. चहा हवा असला तरी नातीला सांगायचे, "आईला इचार, झाला का."

एकदा मी रॉकेलच्या रांगेत गेले. परत आले तर मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी, डावा हात पाठीमागे घट्ट धरलेला. मामा पाटी घेऊन खाली बसलेले.

"मी हात नाय लावला तिला," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी थेट बोलले. "नुसतं म्हणलं, उजव्यानं लिही. तर तिनं आपणच हात मागं घेतला."

"हेच मी सांगत होते," मी म्हटलं. रॉकेलचा डबा आपटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि त्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटायला गेले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा परतले. मी पाणी दिलं. पेला खाली ठेवून म्हणाले, "भायेर थांबा म्हनले. थांबलो. शाळा सुटली, ते कुलूप लावून निघून गेले."

सकाळी ते पाटीशेजारी येऊन बसले. पावकी, निमकी, अडीचकी, अपूर्णांकांचे सगळे जुने पाढे त्यांना तोंडपाठ. नात त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायची. मला ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याभरात कॉलनीत झालं की नातीला आजोबा शिकवतात. नवराही कारखान्यात सांगायचा, "आम्ही घरीच शिकवतो." आम्ही!

ती चौथीच्या वयाची झाली तेव्हा दुसऱ्या एका शाळेत नेलं. मामा बरोबर आले, धाकटा माझ्या कडेवर. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मुलीला उतारा लिहायला दिला. तिने कागद तिरका केला, पेन डाव्या हातात घेतलं आणि लिहू लागली. बाईंनी बघितलं आणि समोरचा अर्ज चाळू लागल्या. लिहून झाल्यावर विचारलं, "अक्षर छान आहे. आधी कुठल्या शाळेत होती?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "हिच्या आईच्या शाळेत. लय कडक शाळा हाय ती."

बाई हसल्या. प्रवेश मिळाला. मुलगी तिथे टिकली, पुढे शिकली.

पण त्या दिवशी शाळेतून परतताना मला आनंद झाला नाही, संताप आला. एका परक्या बाईसमोर ते इतकं सहज म्हणाले. घरात, चुलीपाशी, कुणीही ऐकायला नसताना हे एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मामा पुढे चालत होते, नातीचं बोट धरून, कुणी ओळखीचं भेटलं की थांबून शाळेचं सांगत. मी मागे. धाकटा कडेवर झोपून जड झाला होता, नवऱ्याची दुसरी पाळी होती आणि डबा अजून व्हायचा होता.