ईशा मुलाखतीत गप्प झाली तेव्हा

मंडळी, घडलं ते लगेच लिहितेय.

आज सकाळी आमच्या ईशाची कॉलेज प्रवेशासाठी ऑनलाइन मुलाखत होती. ती खोलीत, मी दाराआड. तिसऱ्या प्रश्नाला ती बोलता बोलता एकदम थांबली. आवाजच नाही. गेलं सगळं, असं वाटून मी आत शिरणारच होते.

तेवढ्यात ती म्हणाली, "सॉरी सर, मैं भूल गई. फिर से शुरू करती हूँ." आणि उत्तर पूर्ण केलंन.

बाहेर आल्यावर विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?"

"मतलब, नाटकात ना! जोशीकाका सांगतात, वाक्य विसरलं तर घाबरायचं नाही. श्वास घ्यायचा आणि मागच्या वाक्यापासून धरायचं."

जोशीकाका, म्हणजे आपल्या मंडळाचं गणपतीतलं नाटक बसवणारे. गेल्याच आठवड्यात मी त्यांना याच ग्रुपवर लिहिलं होतं, "ईशाचं नाव काढा. असल्या फालतू गोष्टींना तिला आता वेळ नाही."

तो मेसेज ईशानेही वाचलाय.

काका, तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच विचारते. तिचं नाटकातलं काम अजून दुसऱ्या कुणाला दिलं नाहीत ना?