चांगल्या घराने टाळलेली टेस्ट

सैन्यातल्या आठवणी सांग म्हटलं की लोकांना बर्फ आणि गोळीबार हवा असतो. मी नर्सिंग ऑफिसर होते. लेफ्टनंट म्हणून रुजू झाले, कॅप्टन होऊन बाहेर पडले. पहिलं पोस्टिंग मुंबईतच, दक्षिण टोकाच्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मिळालं. गिरगावातलं माझं घर तिथून बसने जवळ होतं. तरी मी ऑफिसर्स मेसमधल्या खोलीत राहायचे. ऑर्डर तशी होती आणि मला ते आवडायचंही. मेसमध्ये कुणी फार बोलायला लावत नाही.

माझी ड्यूटी फॅमिली वॉर्डात होती, म्हणजे जवानांच्या बायकांच्या वॉर्डात. सकाळी रिपोर्ट, मग मेट्रन मॅडमचा राउंड, मग ओपीडी. दिवस राहिलेल्या प्रत्येकीला पहिल्या भेटीतच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या जायच्या. त्यात एचआयव्ही आणि व्हीडीआरएल असायची. व्हीडीआरएलने सिफिलिस कळतो. या दोन तपासण्यांचं नाव कुणी घेत नसे. ओपीडीतल्या बायका ‘ती टेस्ट’ म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

सायली करी रोडहून यायची. नाव मी बदललं आहे. नवरा सैन्यात नाईक हुद्द्यावर होता आणि उत्तरेकडे फील्डमध्ये होता. ती चाळीत सासूबरोबर राहायची, आणि ओपीडीत तिच्याऐवजी सासूच बोलायची. मी तपासण्या समजावून सांगितल्या. सासूबाईंनी नाक मुरडलं आणि मालवणीत सुनावलं.

“माझो झील मिलिटरीत आसा. तेका असला काय होवचा नाय.”

“सगळ्यांचीच करतो, मावशी.”

“मॅडमचा अजून लगीन जावक नाय वाटता. म्हणान असले प्रश्न पडतत.”

बाकावरच्या बायका हसल्या. माझे कान तापले. सायलीही हसली, पण तिने दंडावरची बाही वर केली होती. ती रक्त द्यायला तयार होती. सासूने बाही खाली ओढली. रक्त आमच्या लालबागच्या डॉक्टरकडे तपासू, म्हणाली. माणूस घरचा आहे.

पुढच्या वेळी रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, सगळं होतं. त्या दोन तपासण्या मात्र नव्हत्या. मी विचारलं तेव्हा सायलीच बोलली. “डॉक्टर म्हणाले, चांगल्या घरच्या सुनांना ती टेस्ट मी लिहीत नाही.”

हे तिने कौतुकाने सांगितलं. डॉक्टरांनी तिचा मान ठेवला होता.

मी पुन्हा आग्रह केला. आमच्या मेजर मॅडमनीही केला. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या आणि त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. पण सासू सायलीला घेऊन गेली आणि त्यानंतर दोघी आल्याच नाहीत. फोन केला तर “येतंव, येतंव”. मी मेट्रन मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, “लेफ्टनंट, सिव्हिलियनला ऑर्डर देता येत नाही.”

आठव्या महिन्यात एका सकाळी सायली टॅक्सीने आली. “मॅडम, बाळ हलत नाही.” मेजर मॅडमनी सोनोग्राफी केली. बराच वेळ प्रोब फिरवला, मग स्क्रीन तिच्यापासून वळवली. तेव्हा मला कळलं.

रक्त त्याच दिवशी घेतलं. या वेळी बाही कुणी ओढली नाही. व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली, आणि खात्रीची दुसरी तपासणीसुद्धा. मेजर मॅडमनी मिलिटरी एक्स्चेंजमधून नवऱ्याच्या युनिटच्या डॉक्टरला फोन लावला. मी शेजारी उभी होते. लाइन खरखरत होती.

“व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह.”

“कोणाची?”

“बायकोची. नवऱ्याची करा. आजच.”

“बाळ?”

“गेलं.”

“रॉजर, मॅडम.”

नवऱ्याचा रिपोर्टही तसाच आला. लग्नाआधी लघवीच्या जागी एक जखम झाली होती, दुखली नव्हती आणि आपोआप बरी झाली होती, असं त्याने सांगितलं. जखम बरी होते, आजार आत राहतो. त्याने कधी तपासलं नाही. कुणाला दाखवायचं, म्हणाला. औषध साधं आहे, पेनिसिलिनचं इंजेक्शन. आमच्या स्टोअरमध्ये त्याची खोकी पडलेली असायची. पहिल्याच भेटीत रक्त दिलं असतं, तर मी ते स्वतः टोचलं असतं आणि ते बाळ बहुतेक वाचलं असतं.

मुलगा होता. त्याची कातडी सुटत होती. मी त्याला हिरव्या कापडात गुंडाळलं. स्ट्रेचर लागलं नाही.

सासू वॉर्डाच्या दारात बसलेली असायची. आजार कसला हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं, पण इंजेक्शन बघून तिने ताडलं होतं. सायलीचा स्टीलचा ग्लास तिने वेगळा ठेवला होता आणि तो दोन बोटांनी उचलायची. “माहेरसून काय घेवन इली कोणाक म्हायत,” असं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगताना मी ऐकलं. मला तिची किळस आली. त्या वॉर्डात मी रक्त, पू, सगळं साफ केलं होतं. तशी किळस कधी आली नव्हती.

नवरा सुट्टी घेऊन आला. आधी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. सावधानमध्ये उभा राहिला.

“मॅडम, आईला टायफॉइड सांगितलं तर?”

“नाही.”

“मग तुम्ही काय सांगणार?”

“काहीच नाही. खरं सांगणं तुमचं काम आहे, नाईक.”

तो आत गेला आणि खाटेजवळ नुसता उभा राहिला. शेवटी सायलीनेच सासूला आत बोलावलं.

“आई, इंजेक्शन आम्हां दोघांना आहे.”

“दोघांका? तेका कित्याक?”

तो बुटांकडे बघत राहिला. बूट छान पॉलिश केलेले होते. सासूने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वेगळ्या ठेवलेल्या ग्लासकडे. तिला समजलं. मला वाटलं, आता ती रडेल, निदान त्याच्या एक मुस्काटात देईल. तिने पदर सारखा केला.

“चाळीत बोलाचा नाय हां कोणी,” म्हणाली.

तो म्हणाला, “हो, आई.” सुटका झाल्यासारखा.

सायलीचा कोर्स पूर्ण झाला. पुन्हा दिवस राहिले तेव्हा ती आली, या वेळी एकटी. खुर्चीत बसायच्या आधीच बाही वर केली. “आधी रक्त घ्या, मॅडम.” तो रिपोर्ट चांगला आला. पुढे मुलगी झाली.

आता मी गिरगावात राहते. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. पत्रिका जुळली की मी दोघांच्या रक्ततपासणीचं विचारते. आत्या “शी!” म्हणते. मी तरी विचारते.

जवान गेला की बिगुल वाजतो, पुष्पचक्र वाहतात, दगडावर नाव कोरतात. तशा कार्यक्रमांना मी गणवेशात उभी राहिले आहे. दोन मिनिटांच्या शांततेत मला ते हिरवं कापड आठवायचं. सायलीने त्या बाळाचं नाव ठरवून ठेवलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी तिने ते माझ्या कानात सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ती अजून त्याच चाळीत राहते, आणि तिथे हे कुणाला माहीत नाही.